गिरणगावातील खानावळी

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला उभारली आणि 1856 मध्ये ती सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा टापू गिरण्यांनी व्यापला. कामगार आले ते मुख्यतः रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून. कोकणातली तुटपुंजी भातशेती आणि घाटावरचा दुष्काळ यांमुळे घरातला एक तरी पुरुष मुंबईला धाडावा लागे. बायकोमुले आणि म्हातारे आईवडील गावी शेती सांभाळत. 1921 च्या जनगणनेत मुंबईत 1000 पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपासच स्त्रिया होत्या. एकट्या राहणाऱ्या या पुरुषांच्या जेवणाची सोय खानावळीने केली.

खानावळ म्हणजे बहुधा चाळीतलीच एक खोली. एखाद्या कामगाराची बायको किंवा विधवा ती चालवी. जेवणारे शक्यतो तिच्याच गावचे किंवा तालुक्यातले असत, त्यामुळे चव ओळखीची राही. कोकण्यांकडे भात, आमटी आणि जमेल तेव्हा मासळी. घाटावरच्यांकडे भाकरी आणि कोरड्यास. गिरणी पाळ्यांवर चाले, म्हणून चूलही पाळ्यांवरच पेटे. सकाळच्या पाळीचे डबे भरण्यासाठी बाई पहाटेच उठे आणि दुसऱ्या पाळीचे लोक मध्यरात्री परतले की त्यांना वाढून मगच आडवी होई.

हिशेब महिन्याचा असे. पगार झाला की खानावळीचे पैसे चुकते व्हायचे आणि उरलेल्यातून गावी मनिऑर्डर जायची. गावी गेल्यामुळे बुडालेल्या जेवणांना ‘खाडा’ म्हणत आणि खाडे वजा करून रक्कम ठरे. बाईला मात्र वाण्याकडून महिनाभर उधारीवर धान्य उचलावे लागे. उधारी तुंबली की सावकाराचे जबर व्याज आणि दागिने गहाण, हे ठरलेलेच. संपात तर पगारच थांबे. तरीही अनेकींनी ओळखीच्या माणसांना उपाशी ठेवले नाही. लढ्याचा असा मोठा भार या चुलींनी उचलला. गिरणीचा पगार एकट्या माणसाला पुरून गावी पैसे जात, त्यामागे त्यांचेच कष्ट होते. तरी कामगारांच्या मोजणीत त्यांना जागा नव्हती.

ही स्थिती बदलण्याचे काम प्रेमा पुरव यांनी हाती घेतले. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या या कार्यकर्तीने 1975 मध्ये खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बायकांचे गट करून एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्यात आले. सावकाराचा फास सैल झाला आणि स्वयंपाक हा घरकामाचा भाग न राहता बँकेच्या दप्तरी व्यवसाय म्हणून नोंदला गेला.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबत गेला तसे हजारो कामगार गावी परतले आणि अनेकांना पुन्हा काम मिळाले नाही. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जेवणारेच न उरल्याने गिरणगावातील बहुतेक खानावळी मोडल्या. काही बायकांनी कार्यालयांचे डबे, पोळीभाजी आणि समारंभांचे जेवण या कामांकडे वळून आपला धंदा टिकवला.