सेबास्तियनची रोजनिशी व एलियादेचा लेख

कलकत्त्यास सुरेंद्रनाथ दासगुप्त यांच्यापाशीं योगशास्त्राचें अध्ययन करून १९३१ सालीं स्वदेशीं परतलेल्या मिर्चा एलियादे या रुमानियन पंडिताचें नांव आपल्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. परतल्यावर कांहीं वर्षांतच तें ज्या चळवळीशीं जोडलें गेलें, तिच्यासंबंधींचें एक अस्सल साधन १९९६ सालीं बुखारेस्ट येथें प्रसिद्ध झालें; त्याचा येथें विचार कर्तव्य आहे.

ती चळवळ म्हणजे कोद्रेआनू यानें १९२७ च्या जूनमध्यें स्थापिलेली महादूत मिखाएलाची सेना. ऑर्थोडॉक्स पंथाचा नाहीं तो खरा रुमानियन नव्हे, ही तिची श्रद्धा. यहुदीद्वेष हा तिचा पाया. स्पेनमध्यें फ्रँकोच्या बाजूनें लढतां पडलेल्या मोत्सा व मारिन यांची अंत्ययात्रा १९३७ च्या फेब्रुवारींत बुखारेस्टमध्यें निघाली, तींत धर्मगुरूंचा मोठा समुदाय होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत या पक्षास शेंकडा १५ हून अधिक मतें पडलीं.

साधन म्हणजे मिहाइल सेबास्तियन या ग्रंथकाराची १९३५ ते १९४४ ची रोजनिशी. हा ब्राइला येथील यहुदी. एलियादेचा जिवलग मित्र. दोघांचेही गुरु नाए इओनेस्कू. १९३४ सालीं सेबास्तियनच्या कादंबरीस गुरूनें प्रस्तावना लिहिली ती अशी कीं, यहुदी हा रुमानियन होऊं शकत नाहीं व त्यास मोक्षही नाहीं! त्या वेळीं, मोक्षाविषयींचें हें मत ख्रिस्ती धर्मशास्त्रास धरून नाहीं, असें एलियादेनें छापून सांगितलें, हें त्याच्या बाजूचें म्हणून नमूद केलें पाहिजे.

परंतु १७ डिसेंबर १९३७ रोजीं 'बुना वेस्तिरे' या चळवळीच्या मुखपत्रांत, चळवळीच्या विजयावर आपला विश्वास कां, असा लेख एलियादेच्या नांवें निघाला. शोलेम यांस १९७२ सालीं लिहिलेल्या पत्रांत त्यानें अशा लेखनाचें कर्तृत्व नाकारिलें. आतां, मुखपत्रास थोर नांव वापरण्याचा मोह होणें अशक्य नव्हे. म्हणून केवळ छापील नांवावरून निर्णय करूं नये. तथापि सेबास्तियननें त्याच सुमारास हा लेख मित्राचाच मानून टिपला आहे, आणि १९३६ पासूनच्या नोंदींत खासगी बैठकींतील त्याच मताचे वाद आढळतात. रोजनिशीनें हस्ताक्षर सिद्ध होत नाहीं. मत मात्र सिद्ध होतें. पस्तीस वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षां समकालीन टांचण प्रमाण, हें राजवाड्यांच्या वाचकांस सांगावयास नको.

रोजनिशीच्या वह्या १९६१ सालीं लेखकाच्या भावानें इस्रायली वकिलातीच्या टपालांतून देशाबाहेर काढल्या, म्हणूनच त्या वांचल्या.

दुसरा कागद एलियादेच्याच हातचा आहे. १९४२ सालीं तो बुखारेस्टला आला असतां मित्रास भेटला नाहीं. २९ मे १९४५ रोजीं सेबास्तियन रस्त्यावर मोटारीखालीं सांपडून मेला. ती वार्ता पोर्तुगालांत कळल्यावर एलियादेनें आपल्या रोजनिशींत शोक लिहिला, व त्या न झालेल्या भेटीची लाजही लिहिली. ही वही त्याच्या हयातींत छापली गेली नाहीं.