‘डूम’, ‘क्वेक’ आणि खुल्या कोडचा वाद

१० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर एक फाइल चढवण्यात आली. टेक्सासमधील ‘आयडी सॉफ्टवेअर’ या मूठभर तरुणांच्या कंपनीने तयार केलेला ‘डूम’ हा खेळ तीत होता. फाइलची वाट पाहणाऱ्यांची तेथे एवढी झुंबड उडाली होती, की खुद्द कंपनीलाच आत शिरायला जागा मिळेना. पहिला भाग, म्हणजे नऊ पातळ्या, फुकट. आवडल्या तर पैसे पाठवून उरलेले भाग मागवायचे, अशी ही ‘शेअरवेअर’ पद्धत होती. त्यानंतर तीस वर्षे उलटली. त्या काळातील बहुतेक खेळ आज चालवायचे म्हटले तरी जुना संगणक शोधावा लागतो. ‘डूम’ मात्र नव्या विंडोजवर चालतो, लिनक्सवर चालतो, मोबाइलवर चालतो. हौशी मंडळींनी तो प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावरही चालवून दाखवला आहे. याचे काही श्रेय खेळाच्या गुणवत्तेला आहेच. परंतु मोठा वाटा १९९७ सालच्या एका निर्णयाचा आहे. त्या वर्षी कंपनीने या खेळाचा सोर्स कोड जगाला वाटून टाकला.

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर. दुकानातून विकत घेतला जातो तो खेळ म्हणजे या मजकुराचे यंत्राच्या भाषेतील रूप. शिजलेल्या आमटीवरून तिची कृती ओळखणे जितके कठीण, तितकेच त्या रूपावरून मूळ मजकूर काढणे कठीण. म्हणूनच कंपन्या सोर्स कोड तिजोरीत ठेवतात. ‘आयडी’चा प्रमुख प्रोग्रामर जॉन कार्मॅक याने तो का दिला आणि त्यातून काय घडले, हे पाहण्यापूर्वी या खेळांचे नेटवर्क कसे चालत असे ते समजून घेतले पाहिजे. पुढे वाद पेटला तो तेथेच.

चाळीतला टपालवाला

‘डूम’मध्ये चार खेळाडूंना नेटवर्कवरून एकमेकांशी लढता येत असे. कोणताही एक संगणक इतरांवर मुख्य नव्हता. सेकंदाला ३५ वेळा प्रत्येक संगणक आपल्या खेळाडूने कोणती कळ दाबली एवढेच इतरांना कळवी. राक्षस कुठे आहे, गोळी कुणाला लागली, याचा हिशेब जो तो स्वतंत्रपणे करी. पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळणारे दोघे जण फक्त खेळी कळवतात, पट पाठवत नाहीत. तसाच हा प्रकार. निरोप अगदी लहान राहतो हा यातला फायदा. तोटा असा, की एकाचे कार्ड उशिरा आले की सगळ्यांचा डाव खोळंबतो.

पहिल्या आवृत्तीत एक मोठा दोषही होता. निरोप फक्त खेळणाऱ्या संगणकांना न जाता जाळ्यावरील सर्वच संगणकांकडे जात असे. चाळीतल्या एका बिऱ्हाडाचे पत्र टपालवाल्याने प्रत्येक दार ठोठावून दाखवत फिरावे, आणि तेही सेकंदाला ३५ वेळा! विद्यापीठांची आणि कंपन्यांची जाळी तुंबू लागली. कार्नेगी मेलन विद्यापीठाने नेटवर्कवर ‘डूम’ न खेळण्याची सूचना काढली, इंटेल कंपनीनेही बंदी घातली. लवकरच सुधारित आवृत्ती आली आणि हा गोंधळ थांबला.

जून १९९६ मध्ये आलेल्या ‘क्वेक’ने ही रचनाच मोडली. आता एक संगणक सर्व्हर झाला. सारा हिशेब त्याचा आणि निर्णयही त्याचाच. खेळाडूच्या संगणकाने कळा कळवायच्या आणि सर्व्हर सांगेल ते चित्र काढायचे. डावात मध्येच सामील होता येई, मध्येच उठून जाता येई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्व्हर चालवण्याची सोय खेळातच होती. ज्याच्याकडे संगणक आणि इंटरनेटची जोडणी, त्याने सर्व्हर उभारावा. कंपनीला विचारण्याचे कारण नव्हते.

घरोघरच्या मोडेमवर मात्र ‘क्वेक’ने निराशा केली. कळ दाबल्यावर निरोप सर्व्हरकडे जाऊन परत येईपर्यंत पाव सेकंद सहज जाई, आणि तोवर पडद्यावरचा गडी जागचा हलत नसे. वेगवान जोडणी गृहीत धरून केलेल्या रचनेत ही अडचण कुणाला जाणवली नव्हती. कार्मॅकने ऑगस्ट १९९६ मध्ये आपला अंदाज चुकल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि डिसेंबरात ‘क्वेकवर्ल्ड’ ही नवी आवृत्ती दिली. तीत खेळाडूचा संगणक उत्तराची वाट पाहत बसत नसे. आपला गडी आता कुठे पोहोचला असेल याचा अंदाज बांधून तो चित्र काढून मोकळा होई. सर्व्हरचे उत्तर वेगळे आले तर चित्र दुरुस्त करी. नेमबाजीच्या आजच्या बहुतेक ऑनलाइन खेळांत हीच युक्ती वापरली जाते. १९९९ अखेरच्या ‘क्वेक ३’मध्ये आणखी एक शहाणपण आले: परिस्थितीचा एखादा निरोप वाटेत हरवला तर तो पुन्हा पाठवायचाच नाही, ताजा पाठवायचा. आकाशवाणीच्या समालोचनात एखाद्या चेंडूनंतरची धावसंख्या ऐकू आली नाही, तर पुढच्या चेंडूनंतरची ऐकून भागते, तसेच.

काय दिले, काय राखले

२३ डिसेंबर १९९७ रोजी ‘डूम’चा कोड प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात एक उणीव होती. मूळ डॉस आवृत्तीतील आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने तो देता येईना. त्यामुळे कंपनीने लिनक्सची आवृत्ती दिली. परवानाही प्रारंभी व्यापारी वापराला मनाई करणारा होता. ३ ऑक्टोबर १९९९ रोजी हाच कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला आणि २१ डिसेंबरला ‘क्वेक’ही त्याच परवान्याखाली खुला झाला. पुढे २००१ मध्ये ‘क्वेक २’, २००५ मध्ये ‘क्वेक ३’ आणि २०११ मध्ये ‘डूम ३’ यांचा क्रम लागला.

जीपीएलची अट साधी, पण कडक आहे. कोड कुणीही वापरावा, बदलावा, विकावासुद्धा. मात्र बदललेला प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती देताना त्याचा कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. ही अट स्वतःच्या पुढाऱ्यांनाही सोडत नाही, याचा प्रत्यय २०१० मध्ये आला. ‘क्वेक’च्या कोडवर उभ्या राहिलेल्या ‘नेक्सुइझ’ या मुक्त खेळाचे नाव आणि हक्क त्याच्या प्रमुखाने एका व्यापारी कंपनीला दिले, तेव्हा बिनसलेल्या सहकाऱ्यांनी तोच कोड घेऊन ‘झोनोटिक’ हा वेगळा खेळ काढला. त्यांना कुणी अडवू शकले नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. खुले झाले ते खेळाचे इंजिन. चित्रे, आवाज आणि नकाशे कंपनीच्याच मालकीचे राहिले. ‘डूम’मध्ये हा सारा ऐवज ‘वॅड’ नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये असल्याने ही वाटणी सोपी गेली. म्हणूनच ‘डूम’ आजही रीतसर विकला जातो, आणि ज्यांना तो विकत घ्यायचा नाही, त्यांच्यासाठी ‘फ्रीडूम’ या प्रकल्पाने नवी चित्रे आणि नवे नकाशे फुकट तयार केले आहेत. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांची भूमिकाही या वाटणीच्या जवळ जाणारी आहे. खेळाचा प्रोग्राम मुक्त असलाच पाहिजे, कलेला तो दंडक तसाच लावण्याची गरज नाही, असे ते मानतात.

टीकाकारांचा आक्षेप असा, की यात दानत कसली? इंजिन जुने झाले, पुढचे विक्रीला आले, मग जुने वाटले; जुने कपडे बोहारणीच्या पदरात टाकण्यातलाच हा प्रकार. आक्षेपात तथ्य आहे. ‘आयडी’ आपली नवी इंजिने इतर कंपन्यांना पैसे घेऊनच देत होती. तरीही या व्यवसायातील बहुतेकांनी जुने कपडेही कपाटातून बाहेर काढले नाहीत, हे विसरता येत नाही.

लबाडी कुणाची, दोष कुणाचा

‘क्वेक’चा कोड खुला झाला आणि काही दिवसांतच लबाड्यांचा सुळसुळाट झाला. खेळाडूचा संगणक आता हवा तसा बदलता येत होता. कुणी भिंतीआडचा प्रतिस्पर्धी दिसेल अशी सोय केली, कुणी नेम आपोआप लागेल अशी. खेळाडू संतापले. तपासणीचे काम करणारा एक छोटा प्रोग्राम बंद कोडचाच ठेवावा, असा तोडगा कार्मॅकने सुचवला. ओपन सोर्सचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांनी २७ डिसेंबर १९९९ रोजीच्या लेखात वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते दोष खुलेपणाचा नव्हताच. वेगासाठी सर्व्हर खेळाडूला न दिसणाऱ्या गोष्टींचीही माहिती त्याच्या संगणकाकडे पाठवत होता आणि त्या संगणकावर विश्वास टाकत होता. कोड बंद असता तर ही चूक झाकून राहिली असती, दुरुस्त झाली नसती.

रेमंड यांचे म्हणणे भिंतीआड पाहण्याच्या बाबतीत पटते; जे पाठवलेच नाही ते कुणी चोरू शकत नाही. नेमाच्या बाबतीत मात्र कोणतीच रचना पुरी पडत नाही. अचूक नेमबाज आणि अचूक प्रोग्राम यांत सर्व्हरला फरक दिसत नाही. अर्थात कोड बंद असतानाही ‘क्वेक’मध्ये नेम धरून देणारे प्रोग्राम फिरतच होते. बंद खेळांची अवस्था आज काय आहे, तेही पाहावे. २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’सोबत ‘व्हॅनगार्ड’ नावाचा पहारेकरी येतो. तो संगणक सुरू होताच विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो. लबाडी रोखण्यासाठी खेळाडूने आपल्या घराच्या किल्ल्याच कंपनीला द्याव्यात, असा हा मामला आहे.

सर्व्हर कुणाच्या हाती

‘क्वेक’चे इंजिन पैसे देऊन घेणाऱ्यांत ‘व्हॉल्व्ह’ कंपनी होती. तिने त्यावरून १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ काढला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघा हौशी तरुणांनी १९९९ मध्ये त्यात फेरफार करून ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला आणि पुढे मुंबई-पुण्यातील सायबर कॅफेंतही तो पोहोचला. इंटरनेट मंद आणि महाग, पण त्यावाचून काही अडत नव्हते. कॅफेतलाच एक संगणक सर्व्हर होई आणि मुले तासाच्या दराने खेळत. ‘काउंटर-स्ट्राइक’चा कोड खुला नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे. खुले होते ते सर्व्हर चालवण्याचे स्वातंत्र्य. कोड आणि सर्व्हर या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत, आणि एक हाती असली तरी खेळ बराच काळ तगतो.

दोन्ही नसतील तर काय होते, हे भारतीय खेळाडूंनी २०२० मध्ये अनुभवले. २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला सर्व्हरचे दार भारतापुरते बंद झाले. बंदीचे कारण माहितीच्या सुरक्षिततेचे होते, त्याचा खेळाच्या कोडशी संबंध नव्हता. पण मोबाइलमध्ये उतरवलेला खेळ एका दिवसात निरुपयोगी झाला तो सर्व्हर दुसऱ्याच्या हाती असल्यामुळे. युरोप-अमेरिकेत तर सरकारी बंदीचीही गरज पडली नाही. ‘युबिसॉफ्ट’ने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या मोटार शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले. हा खेळ एकट्याने खेळतानाही सर्व्हर लागत असे. पूर्ण किंमत मोजून खेळ घेतलेल्यांच्या हाती काहीच उरले नाही. त्यातून रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघाकडे द्यावयाच्या मागणीपत्रावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. मागणी कोड खुला करण्याची नाही. दुकान बंद करताना खेळ चालू स्थितीत सोडून जा, एवढीच आहे.

व्यवसायाचे उत्तर असे, की खासगी सर्व्हरवर खेळाडूंची माहिती सुरक्षित राहील आणि गैरप्रकार रोखले जातील याची हमी देता येत नाही. शिवाय ऑनलाइन चालण्यासाठीच बनवलेले खेळ असे सोडून जायचे, तर खर्च आवाक्याबाहेर जाईल. पहिला मुद्दा तितकासा पटत नाही. ‘क्वेक’चे सर्व्हर परक्या लोकांनीच इतकी वर्षे चालवले आहेत. दुसऱ्यात वजन आहे. आजच्या खेळात आवाज एका कंपनीचा, हालचालींचे गणित दुसरीचे, लबाडी रोखण्याचे साधन तिसरीचे असते. ‘डूम’च्या वेळी एका आवाजाच्या भागाने अडवले होते, आता असे अनेक भाग असतात. पेटंटचा अडसर वेगळाच. ‘डूम ३’मधील सावल्या काढण्याच्या एका युक्तीवर ‘क्रिएटिव्ह’ कंपनीचे पेटंट होते; वकिलांनी हरकत घेतल्यावर कार्मॅकने तेवढा भाग नव्याने लिहिला आणि मगच २२ नोव्हेंबर २०११ रोजी कोड बाहेर आला.

‘आयडी’ २००९ मध्ये ‘झेनिमॅक्स’ने विकत घेतली होती. २०१२ मध्ये ‘डूम ३’च्या सुधारित आवृत्तीचा कोड आला आणि २०१३ मध्ये कार्मॅकने कंपनी सोडली. पुढच्या इंजिनांचा कोड खुला झालेला नाही. २०२१ पासून ‘झेनिमॅक्स’ आणि तिच्यासह ‘आयडी’ मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. दरम्यान, ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती त्या ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने २०२० मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’ मालिकेतील जुन्या खेळांचा कोड प्रसिद्ध केला, आणि परवाना निवडला तो जीपीएलच.