पटवाऱ्याचे दप्तर आणि जुनी विंडोज

2017 साली महाराष्ट्रात गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा, हस्तलिखिताशी ताडायचा आणि नाव, क्षेत्र किंवा गट क्रमांक चुकला असेल तर तिथेच सांगायचे. एकाच जमिनीच्या दोन नोंदी, एक बस्त्यात आणि एक सर्व्हरवर, आणि दोन्ही जुळत नाहीत: सॉफ्टवेअरवाले ज्याला सिंकचा बिघाड म्हणतात, तो एवढ्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच कुठे उघड झाला असेल.

भंडारा जिल्ह्यातले, नागपूर-भंडारा महामार्गावरचे शहापूर हे बस्त्याकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या या वाटेवरचे गाव. आजूबाजूला धानाच्या बांध्या, जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, गावात मनोहरभाई पटेलांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय. भंडारा जिल्हा 1956पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि तलाठ्याला इकडे अजूनही पटवारीच म्हणतात. या पटवाऱ्याच्या दप्तरात लॅपटॉप आला, आणि 1 मे 2018 रोजी राज्याने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू केला. आता सातबारा मिळणे शाईवर नाही, इंटरनेटच्या जोडणीवर अवलंबून राहिले.

जोडणी तुटली की पहिला दोष नेटला दिला जातो. पण जुन्या संगणकांचा इतिहास वेगळेच सांगतो.

विंडोज एक्सपी 2001 साली आली आणि मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी तिचा आधार काढून घेतला. विंडोज 7चा 14 जानेवारी 2020 रोजी. यंत्रे त्या दिवशी बंद पडली नाहीत. बदलला तो समोरचा सर्व्हर. दोन संगणकांमधला मजकूर कुलूपबंद करणाऱ्या टीएलएस पद्धतीच्या 1.0 आणि 1.1 या आवृत्त्या 2020च्या सुमारास सगळीकडून काढल्या जाऊ लागल्या. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला 1.0च्या पुढचे काही येतच नव्हते. त्यामुळे नेट सुरू, रिचार्ज भरलेला, तरी पान उघडेना. त्याच यंत्रावर फायरफॉक्स 52 टाकले की तेच पान अनेकदा उघडे, कारण फायरफॉक्स आपली कुलपे आणि संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे स्वतःबरोबर आणतो. एक्सपीवर चालणारी ती शेवटची आवृत्ती. तिचाही आधार 2018 साली संपला.

विंडोज 7चे दुखणे जास्त फसवे होते. ब्राउझरमध्ये संकेतस्थळ व्यवस्थित दिसायचे, पण शेजारी बसवलेले सॉफ्टवेअर मात्र माहिती वर पाठवायला नकार द्यायचे. विंडोजच्या ज्या अंतर्गत भागातून अशी सॉफ्टवेअरे बोलत, त्यात टीएलएस 1.2 मुळात बंद होते. ते चालू करायला वेगळे अपडेट लागे आणि वर विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या अंतर्गत नोंदवहीत बदल करावा लागे. हे ठाऊक नसलेल्या माणसाने सॉफ्टवेअर कितीदा काढून पुन्हा बसवले तरी उपयोग शून्य.

याहून साधे कारण मदरबोर्डवर असते. तिथली नाण्याएवढी सीआर 2032 बॅटरी संपली की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि कित्येक वर्षे मागे जातो. प्रत्येक सुरक्षा प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाला 2005 साल वाटत असेल तर 2018चे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मलेलेच नाही, आणि तो जोडणी नाकारतो. वीज वारंवार जाणाऱ्या विदर्भात जाणत्या दुरुस्तीवाल्याने आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघावी, ते अगदी रास्त.

तारीख बरोबर असूनही दार बंद होऊ शकते. 30 सप्टेंबर 2021 रोजी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे ज्याच्या आधारावर उभी होती ते जुने मूळ प्रमाणपत्र संपले. अपडेट न मिळालेल्या जुन्या आयफोनांवर आणि संगणकांवर जगभर चालू संकेतस्थळे अडली. जुन्या अँड्रॉइडसाठी संस्थेने आधीच वेगळी सोय केली होती म्हणून ते फोन वाचले.

त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या फोनवर आली. बांधावर अनेकदा रेंज नसते, म्हणून अॅप फोटो आणि माहिती फोनमध्येच ठेवते. रेंजमध्ये आल्यावर ती अपलोड करायची. अपलोड राहिले तर शेतकऱ्याच्या फोनमध्ये धान असतो, सातबाऱ्यावर नसतो. हमीभावाने धान विकण्याच्या नोंदणीला तर तोच सातबारा लागतो. जुन्या फोनवर अॅप चालत नसेल तर शेजाऱ्याच्या फोनवरून नोंद करता येते, कारण एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची पाहणी भरण्याची सोय अॅपमध्ये ठेवलेली आहे.