हसण्यामागील हिशेब : कुंदन शाह यांची वाटचाल

मराठी वाचकाला विनोदाचे वावडे नाही. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी आणि पु. ल. देशपांडे यांनी त्याची रुची घडविली आहे. हिंदी चित्रपटात मात्र विनोदाच्या वाट्याला बहुधा नायकाच्या मित्राच्या माकडचेष्टा एवढेच काम येई. ही रीत मोडणाऱ्यांत लेखक-दिग्दर्शक कुंदन शाह यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांची वाटचाल पुणे, मुंबई आणि गोवा या आपल्याच परिसरातून झाली, म्हणूनही ती अभ्यासण्याजोगी आहे.

१९४७ साली जन्मलेल्या शाह यांनी प्रारंभी मुंबईत एका प्रकाशनसंस्थेत नोकरी केली. पुढे ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. प्रभात कंपनीच्या जागेवर १९६० साली ही संस्था उभी राहिली होती. तेथे १९७६ साली त्यांनी 'बोंगा' ही पदविका-फिल्म केली, तीही विनोदी. त्यानंतर पहिला चित्रपट पडद्यावर येण्यास सात वर्षे जावी लागली.

तो चित्रपट म्हणजे १९८३ चा 'जाने भी दो यारो'. पटकथेत सुधीर मिश्रा यांची साथ होती. संवाद रणजीत कपूर व सतीश कौशिक यांचे होते. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने तो सात लाखांहून कमी खर्चात उभा केला. दोन भाबडे छायाचित्रकार, ठेक्यांसाठी भांडणारे बिल्डर, लाचखाऊ पालिका आयुक्त आणि सत्याच्या नावाने स्वतःच सौदा करू पाहणारी संपादिका, असा हा मेळा आहे. संपादिकेची भूमिका आपल्या भक्ती बर्वे यांनी केली. रंगभूमीवर चाललेल्या महाभारताच्या प्रयोगात आयुक्ताचे प्रेत द्रौपदी होऊन उभे राहते, तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसतो. परंतु पूल कोसळतो, माणसे मरतात आणि तुरुंगात जातात ते दोन निरपराध तरुण. शाळाशाळांतून गायिले जाणारे आशेचे समूहगीत त्या वेळी पार्श्वभूमीवर ऐकू येते. हसण्याचा हिशेब असा शेवटी चुकता करावा लागतो. या चित्रपटाला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

लगेच १९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' आली. तिचे लेखन शरद जोशी यांचे होते. दिग्दर्शकांत शाह होते. १९८६ साली 'नुक्कड'ने रस्त्याच्या कोपऱ्यावरील कष्टकऱ्यांना घराघरांत आणले. १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावरून 'वागळे की दुनिया' साकारली. चित्रपटात व्यवस्थेला ओरखडे काढणारा हा विनोद मालिकांत माणसांच्या शेजारी येऊन बसला. एकाच मनाची ही दोन रूपे होत. अन्यायाची चीड आणि दुबळ्याविषयीची माया त्यांत एकत्र नांदतात.

'जाने भी दो यारो'मधील लाचखाऊ आयुक्ताचे नाव डिमेलो आहे. त्यावरून रुसण्याचे कारण नाही. उपहासाच्या पंक्तीला कोणताही समाज सोवळा राहू शकत नाही. शिवाय १९९४ साली याच दिग्दर्शकाने 'कभी हां कभी ना'मध्ये गोव्यातील ख्रिस्ती घरे मोठ्या आत्मीयतेने रंगविली. दारूचा पिंप आणि नाचणारी मेरी या ठरीव चित्रांना कंटाळलेल्या आपल्या मंडळींना तो दिलासाच होता. त्यातील नायक सुनील नापास होतो, खोटे बोलतो, प्रेमातही हरतो. नसीरुद्दीन शाह यांनी रंगविलेले फादर ब्रागांझा त्याला झिडकारीत नाहीत, त्याचे ऐकून घेतात. हिंदी पडद्यावरील धर्मगुरू बहुधा अंत्यविधीपुरता दिसतो; येथे तो कुणाचा तरी मित्र आहे.

७ ऑक्टोबर २०१७ रोजी शाह यांचे मुंबईत निधन झाले. आपल्या तरुण लेखकांनी त्यांच्यापासून एक गोष्ट अवश्य शिकावी. बलवानाला हसताना भिऊ नये आणि दुर्बलाला हसण्याची हौस धरू नये. त्यांचा सुनील सर्वत्र हरतो. तरी त्याच्या हरण्यावर आपण हसत नाही, त्याच्यासह हसतो. प्रवचनाला हे क्वचितच साधते, हे एका धर्मगुरूने मान्य करावयास हरकत नाही.