टपावरचं ओझं आणि वाऱ्याचा वाटा

मागच्या हिवाळ्यात पुतणीचा निकाह झाला. सासर धामणगाव रेल्वेचं. कपाट, भांडी, शिलाई मशीन हे सगळं टेम्पोतून आधीच गेलं होतं. मागे राहिल्या त्या गाद्या, कारण त्या अम्मीच्या देखरेखीखाली भरायच्या होत्या आणि अम्मीची देखरेख निकाहच्या आदल्या दिवसापर्यंत चालली. शेवटी शेजाऱ्याकडून लोखंडी पाइपांचं जुनं कॅरिअर मागून आणलं, आमच्या मारुती ८०० च्या टपावर आवळलं, त्यावर चार गाद्या एकावर एक रचल्या, नारळाच्या दोरीने बांधल्या आणि बाभुळगावहून निघालो.

गाव सुटेपर्यंत सगळं ठीक होतं. मोकळा रस्ता लागला, काटा सत्तरच्या पुढे गेला आणि डोक्यावर कुणीतरी बासरी फुंकावी तसा आवाज सुरू झाला. मग फडफड. मी वेग कमी करायच्या आत सर्वांत वरच्या गादीचं पुढचं टोक उचललं गेलं, दोरी सरकली आणि गादी मागे उडाली. मागून एक मोटारसायकल येत होती. त्या मुलाने गाडी कडेच्या मुरमात घातली म्हणून वाचला. त्याला खरचटलंही नाही. पण तो उठून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर अजून विसरता येत नाही. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

गादी भरायची कापसाची, उडाली ती कापूस वाहण्यासाठीच घडलेल्या रस्त्यावर. म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्यावीशी वाटली.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि साऱ्यांच्या नजरा आपल्या काळ्या मातीकडे वळल्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. यवतमाळ त्या लोहमार्गापासून दूर राहिलं. त्याचं जवळचं स्टेशन धामणगाव. त्यामुळे यवतमाळ, बाभुळगाव, धामणगाव ही वाट कापसाच्या बंड्यांची वाट झाली. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला सगळे ‘शकुंतला’ म्हणतात, ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली.

कापसाची अडचण वजनाची कधीच नव्हती. अडचण होती आकाराची. बोंडातून काढलेला कापूस बंडीत भरला की बंडी डोंगराएवढी दिसते आणि बैलांना मात्र ओझं फारसं नसतं. रेल्वेच्या वाघिणीचंही तेच. फुगलेल्या कापसाने वाघीण भरते आणि भाडं हवेचं द्यावं लागतं. म्हणून यवतमाळ आणि धामणगावात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सरकी काढायची, रुई दाबायची, लोखंडी पट्ट्यांनी गाठ आवळायची. दाबलेली गाठ म्हणजे त्या काळचं हवेविरुद्धचं उत्तर.

पण ही हवा जागा अडवणारी होती, वाहणारी नव्हती. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते. बाभळीच्या लाकडाचा तुंबा, बाभळीचे आरे, वर लोखंडी धाव. अशा चाकावर कापसाचा डोंगर कितीही उंच रचा, समोरचा वारा त्याच्या नादी लागत नाही. आमच्या गावाच्या नावातच बाभूळ आहे. ज्या लाकडाच्या चाकांवर हा जिल्हा चालला, त्याने कधी वाऱ्याचा हिशेब ठेवला नाही, कारण ठेवायची गरजच नव्हती.

ती गरज मोटारीने आणली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, विरोध चौपट. आणि तो विरोध तोडायला लागणारी ताकद आठपट. चार किलोमीटर वेगाच्या बंडीपेक्षा ऐंशीने धावणाऱ्या गाडीवरच्या तेवढ्याच ओझ्याला चारशेपट जोराने हवा ढकलते. माझ्या गाद्यांचा ढीग समोरून साधारण चार फूट रुंद आणि सव्वा फूट उंच होता. ऐंशीच्या वेगाला तेवढ्या सपाट तोंडावर जवळजवळ चौदा किलोचा दाब सतत बसतो आणि तो तोडायला इंजिनाची सुमारे चार अश्वशक्ती जाते. मारुती ८०० ची सगळी ताकदच चाळीसच्या आतली. म्हणजे दर दहा भागांतला एक भाग फक्त गाद्यांसाठी. चाळीसच्या वेगाला हाच दाब साडेतीन किलोवर येतो. त्या दिवशी मी पन्नासच्या आत राहिलो असतो तर बहुधा गादी उडालीच नसती.

तरीही लोक टपावर ओझं ठेवत आले, कारण घरात गाडी एकच आणि माणसं आठ. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिची फियाट १९७४ पासून ‘पद्मिनी’ नावाने धावू लागली. तिच्या डोक्यावरचं कॅरिअर हा जणू तिचाच अवयव होता. गावाकडून रेल्वेने आलेल्या माणसाची ट्रंक, वळकटी, आंब्याची पेटी सगळं तिथे. पुढे सीएनजी आली, डिकीत टाकी बसली आणि कॅरिअरचं महत्त्व आणखी वाढलं. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या टॅक्सीला टपाचं ओझं फारसं जड गेलं नाही, कारण शहराच्या गर्दीत तिला वेगच मिळत नव्हता.

विदर्भात काळी-पिवळी म्हटलं की मात्र जीप किंवा ट्रॅक्स. तिच्या टपावर बकऱ्या, सायकली, भाजीच्या पाट्या आणि माणसंसुद्धा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२३ टपावर बसून प्रवास करायला बंदी घालतं. ते कलम जीपमध्ये जागा मिळेपर्यंतच सगळ्यांना मान्य असतं.

मारुती १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत रस्त्यावर आली. ७९६ सीसीचं इंजिन, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन. तिची डिकी एवढीशी, की एक मोठी बॅग ठेवली तर झाकण लागायला विनवण्या कराव्या लागतात. ती मध्यमवर्गाची पहिली गाडी झाली आणि पाठोपाठ गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत कॅरिअर बनू लागले. जुन्या गाड्यांच्या टपाला दोन्ही कडांनी पावसाच्या पाण्याची पन्हाळ असायची. कॅरिअरचे चार पाय त्या पन्हाळीत बसवायचे आणि खालून पकड आवळायची, झालं काम. नव्या गाड्यांना ती पन्हाळ नाही. दाराच्या चौकटीत आकडा अडकवावा लागतो किंवा कंपनीने दिलेल्या जागीच बोल्ट घालावे लागतात.

निकाह पार पडल्यावर मी गावातल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. आयुष्य जीपा आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेलं. मला स्वतःचं कॅरिअर हवं होतं आणि पुढे वारा वळवणारी पट्टी, म्हणजे फेअरिंग. पट्टी बसवताना रस्त्यावरून जाणारे एक गुरुजी थांबले आणि म्हणाले, “काऊन जी, गाडीले टोपी घालून राहिले का?”

या टोपीचा इतिहास अमेरिकेतल्या ट्रकांचा आहे. ट्रकची केबिन बुटकी आणि मागचा डबा उंच. वारा केबिनवरून सरकून डब्याच्या सपाट तोंडावर आपटायचा. वॉल्टर सेल्डन सॉन्डर्स यांनी केबिनच्या टपावर तिरकी ढाल बसवायची युक्ती काढली. तिचं पेटंट १९६६ मध्ये निघालं. तेल स्वस्त होतं तोवर फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ च्या तेलसंकटाने सगळ्यांना शहाणं केलं. त्याच सुमारास नासाच्या कॅलिफोर्नियातल्या ड्रायडन केंद्रात एका व्हॅनला चारी बाजूंनी ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून तिचा चौकोनी खोका केला गेला आणि मग कोपरे एकेक करून गोल करत मोजमाप झालं. उभे-आडवे कोपरे गोल केल्यावर हवेचा विरोध निम्म्याहून अधिक घटला. आपल्याकडे ट्रकच्या डोक्यावर अनेकदा रंगीत सपाट पाटी असते, त्यावर देवाचं किंवा बापाचं नाव. नाव तिरक्या पाटीवरही तेवढंच वाचता येईल.

चाचांनी आधी कॅरिअर बसवलं. पायांखाली रबर, म्हणजे रंग खरवडत नाही आणि गंज धरत नाही. चारही पकडी थोड्या थोड्या, आळीपाळीने आवळल्या. एक बाजू पूर्ण घट्ट करून मग दुसरी घेतली तर कॅरिअर पिळलं जातं. टपाला वेल्डिंग करायचं का, असं मी विचारलं तर ते चिडले. पत्रा जळतो, आतलं छत जळतं, पावसाळ्यात गळतं. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंच आहे की निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही. निघणारं कॅरिअर आणि टपाला डकवलेलं लोखंड यात फरक आहे.

मग फेअरिंग. चार फुटांची पातळ ॲल्युमिनियमची पट्टी, कडा वळवलेल्या. ती पुढच्या आडव्या दांडीला यू-क्लॅम्पने धरली. खालची कड टपाच्या अगदी जवळ, पण रबराची पट्टी मध्ये घालून. काचेच्या वर न येता काचेच्या मागे. वरची कड मागे झुकलेली. फार उभी ठेवली तर तीच भिंत होते, फार आडवी ठेवली तर दांडी उघडी पडते. आमची पट्टी चाचांनी तीन वेळा काढून बसवली. रस्त्यावर नेऊन परत आणायची, आवाज ऐकायचा, पुन्हा वाकवायची. मापाची पट्टी त्यांनी एकदाही हातात घेतली नाही.

आवाजाची गोष्ट मजेदार आहे. गोल दांडीवरून वारा जातो तेव्हा मागे हवेचे भोवरे एकदा वरून, एकदा खालून सुटतात आणि दांडी गाऊ लागते. विन्सेंक स्ट्रौहाल या चेक शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये तारा हवेत फिरवून दाखवलं की हा स्वर वाऱ्याचा वेग आणि तारेची जाडी यांवर ठरतो. हिशेब केला तर इंचभर जाडीचा पाइप ऐंशीच्या वेगाला सेकंदाला सुमारे पावणेदोनशे कंपनांचा स्वर देतो. मला लहानपणीचं पिंजण आठवलं. मोहल्ल्यात पिंजारी यायचे, ताणलेली तात मोगरीने छेडून कापूस पिंजायचे आणि दुपारभर तो स्वर घुमत राहायचा.

मागची दांडी पट्टीच्या आड येत नव्हती. ती गातच होती. चाचांनी तिच्यावर सुतळी गुंडाळली, दाट नाही, वेलीसारखी लांब पिळाने. शिट्टी बंद. कारखान्यांच्या उंच पोलादी चिमण्यांच्या वरच्या भागाला अशीच पिळदार पट्टी असते; इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर स्क्रुटन यांनी १९५० च्या दशकात ती युक्ती काढली. पीळ असला की भोवरे सगळे एका वेळी सुटत नाहीत, त्यांची ताल जमत नाही. चाचा म्हणाले, आमच्या वस्तादांनी जीपच्या कॅरिअरवर अशीच सुतळी बांधायला शिकवलं होतं.

आता पैशांचं. फेअरिंगने पेट्रोल वाचतं का? थोडं. दांड्या झाकल्या जातात तेवढं; पट्टीपेक्षा उंच ओझं ठेवलं तर वारा वरच्या भागावर आपटतोच. फेअरिंगचा खरा फायदा कानांना होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने दिलेला अंदाज असा की टपावरचा मोठा, बोजड डबा शहरात मायलेज २ ते ८ टक्क्यांनी खाली आणतो आणि त्यांच्या वेगवान महामार्गांवर १० ते २५ टक्क्यांनी. आणि रिकामं कॅरिअरही फुकट राहत नाही. वर्षातून दोनदा ओझं ठेवायचं आणि उरलेले महिने लोखंड मिरवायचं, हा आपल्याकडचा रिवाज. शेजाऱ्याचं ते जुनं कॅरिअर, माझ्या माहितीप्रमाणे, नऊ वर्षं त्याच्या गाडीवरून उतरलं नव्हतं. माझ्यासाठी पहिल्यांदा उतरलं.

वजनाचंही बघावं लागतं. अनेक छोट्या गाड्यांच्या टपाला ५० ते ७५ किलोच्या आसपासच मर्यादा असते, आणि त्यात कॅरिअरचं वजन धरलेलं असतं. गाडीसोबतच्या पुस्तिकेत आकडा असतो. ओझं उंच गेलं की गाडी वळणावर कलते. गाद्या असतील तर मेणकापडात घट्ट गुंडाळायच्या, प्रेसमध्ये रुईची गाठ दाबतात तशा, आणि पुढचं टोक आधी बांधायचं. वारा तिथूनच आत शिरतो. नारळाची दोरी ताणली जाते आणि सैल पडते. पट्टे वापरावेत, आणि पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून सगळं पुन्हा आवळावं.

ईदनंतर पुतणीला आणायला गेलो. येताना टपावर सासरच्यांनी दिलेलं तुरीचं एक पोतं आणि दोन रजया होत्या. पंचावन्नच्या वर गेलो नाही. गादी उडाली होती त्या जागेशी आपोआप पाय ब्रेककडे गेला. पुतणीने विचारलं, “चाचू, इथेच ना?” मी मान हलवली.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी चार पकडी सैल केल्या आणि कॅरिअर उतरवलं. आता ते अंगणातल्या भिंतीला दोन खुंट्यांवर टांगलेलं असतं. गेल्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या एका घरून निरोप आला, मुलीचं सामान पुसदला न्यायचंय, कॅरिअर देता का. दिलं. सोबत मेणकापड आणि पट्टेही दिले, आणि पन्नासच्या वर जाऊ नका असं दोनदा सांगितलं.