तापीचं पाणी, सुरतेचं उधाण

सावद्यात हतनूर धरणाच्या आधीची तापी पाहिलेली माणसं आता थोडी उरली. वर बैतूलकडे झड लागली, चांगदेवला पूर्णा फुगून तापीत उतरली, की आजोबा म्हणत, "आपलं पानी आता सुरतेले चाललं." आवाजात काळजी असे. आमच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिथे मागावर कामाला होतं.

1968च्या ऑगस्टमधला पूर ते पुन्हा पुन्हा सांगत. काठच्या केळी खोडासकट वाहून गेल्या होत्या. नंतर सुरतेहून पोस्टकार्ड आलं : घरात पुरुषभर पाणी, कारण समुद्र नदीला आत घेत नव्हता. आजोबांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण हे वाक्य त्यांच्या मनात कायमचं रुतलं.

ते खरंच होतं. डुमस-हजिऱ्यापाशी तापी समुद्राला मिळते. भरतीचं पाणी मुखातून आत चढतं, अमावास्या-पौर्णिमेला अधिकच. त्याच वेळी वरून पूर आला, तर त्याला उतारच मिळत नाही आणि फुगवटा शहरात पसरतो. 1972 साली उकाई धरण पूर्ण झालं, तेव्हा सुरत निश्चिंत झाली. पण भरत आलेलं धरण पूर पोटात घेऊ शकत नाही. ऑगस्ट 2006मध्ये उकाईतून सुमारे 9 लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं. 9 तारखेला नारळी पौर्णिमा होती, समुद्र उधाणलेला. बहुतेक सुरत पाण्यात गेली. त्याच्या आदल्या वर्षी, 26 जुलैला, मुंबईनेही हेच भोगलं : सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस आणि दुपारी मोठी भरती.

तापीचं खोरं 65,145 चौरस किलोमीटरचं. त्याचा सुमारे चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात. म्हणजे सुरतेचा पूर मुख्यतः आपल्याच शिवारांतून जातो. आजही लिंबायत, उधना भागांत खानदेशी माणसं दाटीने राहतात, त्यातली बरीच सखल वस्त्यांत. समुद्राची पातळी वाढते आहे, तसं हे संकट वाढतच जाणार.

म्हणून हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी वाचली, की कॅलेंडरात तिथीही पाहा. पौर्णिमा-अमावास्या जवळ असेल, तर सुरतेच्या आपल्या माणसांना त्याच दिवशी फोन करा.