भिलाईच्या नकाशाचे थर
भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. तत्पूर्वी येथे भातशेतीची गावे होती आणि पटवाऱ्याच्या नकाशावर त्यांचे खसरा क्रमांक.

आज संगणकावर खसरे, रस्ते, नाले असे थर एकमेकांवर ठेवून जमिनीचे नियोजन होते. सोय मोठी, परंतु जे भरले तेच दिसते. मध्यप्रदेशाच्या १९५९ च्या आणि पुढे छत्तीसगडने स्वीकारलेल्या भू-राजस्व संहितेत चराई-सरपणाच्या हक्कांसाठी ‘निस्तार पत्रक’ आहे, वहिवाट-पाण्याच्या रूढींसाठी ‘वाजिब-उल-अर्ज’. हे हक्क मुख्यतः शब्दांत नोंदलेले असतात. त्यांचा थर नसेल, तर वापरातले गायरान पडद्यावर ‘रिकामी जागा’ ठरते. म्हणून वाचकहो, तो थर आधी चढवावा.